मुळशीचा सेनापती आणि राजकारणाचा मुख्य प्रवाह

शाळेच्या शिक्षकदालनात, कचेरीतील मधल्या सुटीत किंवा वडगाव-मावळच्या एस.टी. थांब्यावर राजकारणाचा विषय निघाला, की चर्चा फार लवकर एका ठराविक वळणावर येऊन थांबते. मूळ प्रश्न पाण्याचा असो, जमिनीचा असो वा नोकरीचा असो. बोलणारा काय म्हणतो याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या गटाचा, हे निश्चित करण्यातच अर्धा वेळ जातो. एकदा त्याच्या कपाळी चिठ्ठी चिकटवली, की त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही. आणि ज्याला कोणतीच चिठ्ठी नीट चिकटत नाही, त्याची बोळवण करण्यासाठी एक प्रतिष्ठित शब्दप्रयोग आपल्यापाशी तयार असतो. हा गृहस्थ मुख्य प्रवाहातला नाही, असे म्हटले की काम भागते.

नावांचा हा वाद महाराष्ट्राला अलीकडे फार जवळून पाहावा लागला. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत राज्यातील दोन पक्ष दुभंगले. मूळ पक्ष कोणता, नाव कोणाचे आणि चिन्ह कोणाचे, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला, सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि घराघरांतही गेला. त्या काळात सामान्य नागरिकाने पक्षांची नावे जितक्या वेळा ऐकली, तितक्या वेळा पक्षांचे कार्यक्रम ऐकले असतील काय, याची शंका वाटते. अशा वेळी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टीशी जन्मभर नाव जोडले गेलेल्या एका पुरुषाचे चरित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणणे उपयुक्त ठरेल. तो पुरुष म्हणजे पांडुरंग महादेव बापट. महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतो. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे हमरस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्यांचे सेनापतिपद कोणत्या रणभूमीवरचे, हे ठाऊक असेल?

ती रणभूमी पाण्याखाली आहे. पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्याच्या जवळ आली, की वळवणच्या धरणाची भिंत दृष्टीस पडते. पर्यटकांना हे तलाव निसर्गाचेच देणे वाटतात. परंतु ते माणसाने बांधलेले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवावा आणि ते पाणी पश्चिमेकडे कोकणात खाली सोडून त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, ही जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात उतरली. १९११ मध्ये लोणावळ्यास या कामाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या जलाशयांचे पाणी खोपोलीस उतरले आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाठोपाठ मावळातच आंध्रा नदीच्या खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. या मालिकेतील तिसरी योजना लोणावळ्याच्या दक्षिणेस, नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी, मुळशी पेट्यात आखली गेली. आज मुळशी हा स्वतंत्र तालुका असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो बारा मावळांचाच मुलूख आहे आणि तेथील शेतकरी त्या लढ्यात मावळे म्हणूनच ओळखला गेला. सुमारे पन्नास गावे, दहा हजारांहून अधिक माणसे आणि उत्तम भाताची खाचरे त्या नियोजित तलावाच्या पोटात जाणार होती.

हा लढा हाती घेणारे बापट तोवर चाळिशीला आलेले होते आणि तेवढ्या आयुष्यात त्यांना निदान तीन चिठ्ठ्या लागून चुकल्या होत्या. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील पारनेर येथे एका सामान्य ब्राह्मण कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठाची मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोस गेले. तोवर त्यांची चिठ्ठी एका हुशार विद्यार्थ्याची होती. तेथे त्यांनी ब्रिटिश राज्याच्या हिंदुस्थानातील कारभारावर उघडपणे टीका केली आणि शिष्यवृत्ती गमावली. त्यानंतर लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांच्या इंडिया हाउसशी आणि सावरकरांशी त्यांचा संबंध आला. पॅरिसला जाऊन बंगालच्या हेमचंद्र कानुनगो यांच्यासमवेत त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या रशियन क्रांतिकारकांकडून मिळविली आणि १९०८ मध्ये ती माहिती घेऊन ते मायदेशी परतले. त्याच वर्षी अलीपूरचा बाँबखटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले आणि पुढली चार वर्षे त्यांनी अज्ञातवासात काढली. १९१२ मध्ये ते पकडले गेले. परंतु त्यांच्याविरुद्ध खटला टिकेल असा पुरावा सरकारच्या हाती लागला नाही. सरकारदप्तरी मात्र त्यांची नोंद कायमची झाली. दुसरी चिठ्ठी अत्याचारी क्रांतिकारकाची होती.

सुटून आलेला हा क्रांतिकारक पारनेरात काय करू लागला, हे पाहिले म्हणजे चिठ्ठ्या चिकटविणारा गोंधळात पडतो. तो पहाटे उठून हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते साफ करू लागला. ज्या काळी उच्चवर्णीय सुशिक्षिताने झाडूला हात लावणे हेच नवल होते, त्या काळी विलायतेत शिकून आलेल्या या पदवीधराने ते नित्यव्रत केले आणि पुढेही अनेक वर्षे पाळले. १९१५ च्या सुमारास ते पुण्यास येऊन टिळकांच्या मराठा पत्रात काम करू लागले, तेव्हा जहाल पक्षाची तिसरी चिठ्ठी त्यांना लागली. काही काळ डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यातही त्यांनी हातभार लावला. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी खटपट केली. बाँब, झाडू, वृत्तपत्र आणि कोश यांना एकत्र बांधणारा पक्ष कोणता? उत्तर सोपे नाही. आणि बापटांना त्या उत्तराची निकड कधी भासली असावी असे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही.

मुळशीच्या प्रश्नाचे स्वरूपच असे होते, की प्रचलित कोणत्याही पक्षनामाने तो सुटण्यासारखा नव्हता. सरकार परके होते. पण धरण बांधणारी कंपनी देशी होती. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या राष्ट्रवाद्याने या कंपनीचा अभिमान धरावयाचा की तिच्याविरुद्ध उभे राहावयाचे? विजेमुळे कोळशाची बचत होणार होती, मुंबईचा धूर कमी होणार होता, गिरण्या चालणार होत्या. हा लाभ काल्पनिक नव्हता, हे आजही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र तो लाभ ज्यांना मिळणार होता ते आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे होते. कंपनीने जमीनमालकांशी सरळ व्यवहार करून जमिनी घेतल्या असत्या, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. म्हणजे खासगी कंपनीच्या कामासाठी सरकारची दंडसत्ता शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभी राहिली.

त्यात आणखी एक पेच होता. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या मालकीच्या झालेल्या होत्या. जमीन जाऊन रोख मोबदला हाती पडला, तर सावकाराचे फारसे बिघडत नव्हते. कुळाचे मात्र सर्वस्व बुडत होते. कारण मोबदला मालकाला मिळणार आणि नांगर कुळाचा थांबणार. त्यामुळे शहरातील जी मंडळी सभेत देशभक्तीच्या ठरावाला एकमुखाने पाठिंबा देत, तीच मंडळी मुळशीचा विषय निघताच दोन बाजूंना वाटली गेली. टिळकांच्या अनुयायांत दोन मते झाली आणि गांधीजींच्या अनुयायांतही दोन मते झाली. लढा लढवावा असे म्हणणारे होते आणि लढा सोडून चांगला मोबदला पदरात पाडून घ्यावा असे सुचविणारेही होते. दोघांच्या टोप्या मात्र एकाच कापडाच्या होत्या.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे, त्यांत बायाबापड्या आणि पोरेही, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे हे या शेतकऱ्यांच्या संघटनेचे एक प्रमुख सूत्रधार होते. शंकरराव देवांसारखे तरुण गांधीवादी त्यात होते आणि काळकर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यासारखा जहाल परंपरेतील वयोवृद्ध लेखकही तुरुंगात जाण्यास सिद्ध झाला. गांधीजींनीही त्या महिन्यात मावळ्यांची बाजू न्याय्य मानून टाटा कंपनीला विचार करण्याची विनंती जाहीर लेखनातून केली. काही काळ काम तहकूब राहिले. पुढे ते पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. या दुसऱ्या फेरीत शेकडो स्वयंसेवक आणि मावळे तुरुंगात गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. बापटही पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि याच लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती हे नाव दिले. सरकारने दिलेली पदवी नव्हे, पक्षाने दिलेले पदही नव्हे; डोंगरातल्या माणसांनी दिलेले हे नाव त्यांच्या इतर साऱ्या नावांना पुरून उरले.

आता या काळात पुण्यामुंबईच्या राजकीय क्षितिजावर कोणता वाद गाजत होता, ते पाहण्यासारखे आहे. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर असहकाराची चळवळ स्थगित झाली. लगेच काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट पडले. कायदेमंडळात जावे म्हणणारे फेरवादी आणि जाऊ नये म्हणणारे नाफेरवादी. १९२३ च्या आरंभी स्वराज्य पक्ष निघाला. त्यातूनही पुढे महाराष्ट्रात प्रतिसहकारवादी हा आणखी एक फाटा फुटला. खरा काँग्रेसवाला कोण, टिळकांचा खरा वारस कोण, राष्ट्रीय प्रवाहात कोण आणि बाहेर कोण, यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडले. हे सारे मतभेद निरर्थक होते असे कोणी म्हणणार नाही. त्यामागे धोरणाचे प्रश्न होते आणि माणसेही मोठी होती. परंतु मुळशीच्या कुळाच्या दृष्टीने पाहिले, तर फेर आणि नाफेर या दोहोंतून त्याच्या खाचराला काहीच मिळत नव्हते. वाद विझत-पेटत राहिला आणि धरणाची भिंत वर चढत राहिली.

लढा हळूहळू ओसरला. मालकांनी मोबदला स्वीकारला, कुळांचे बळ कमी झाले, बाहेरून येणारे स्वयंसेवक विरळ झाले. गांधीजींचाही कल चळवळ आवरती घेण्याकडे झुकला. बहुसंख्यांनी मोबदला घेतला आहे आणि चळवळीचा नेता अहिंसेला पूर्णपणे बांधलेला नाही, हे आक्षेप त्यामागे होते. यातील दुसरा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. बापटांनी आपल्या मार्गाला शुद्ध सत्याग्रह असे नाव दिले होते. पण त्यांची व्याख्या गांधीजींच्या व्याख्येशी जुळणारी नव्हती. अन्यायाच्या साधनांवर आघात करण्यास त्यांच्या सत्याग्रहात मज्जाव नव्हता. मात्र केलेले कृत्य उघडपणे करावे आणि त्याची शिक्षा स्वतः भोगावी, असा त्यांचा आग्रह असे. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली. त्यांच्यापाशी तलवार होती आणि पिस्तुलेही होती. गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही माणसे जखमी झाली. या कृत्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मुख्यतः सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली.

या प्रसंगावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. जखमी झालेली माणसे ना कंपनीची मालक होती, ना सरकारचे अधिकारी. ती मोलाने राबणारी माणसे होती. ज्या दरिद्री माणसासाठी लढा होता, त्याच्याच जातकुळीतील दुसऱ्या दरिद्री माणसाला त्याचा प्रसाद मिळाला. लढाई हातची गेल्यावर उरलेल्या एकट्याने केलेला तो शेवटचा हताश प्रहार होता. धरण त्याने थांबले नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झालेच. शौर्याचे कौतुक करताना ही चूक दृष्टीआड करणे चरित्रनायकावर आणि विद्यार्थ्यांवर सारखाच अन्याय करणारे ठरेल. परंतु त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे, की बापटांच्या या चुकीमुळे मावळ्यांचा मूळ प्रश्न चुकीचा ठरत नव्हता. त्या काळी नेमके तेच झाले. नेत्याला अत्याचारी ही जुनी चिठ्ठी पुन्हा लागली आणि तिच्याखाली पन्नास गावांची फिर्याद झाकली गेली. चिठ्ठीचा खरा उपद्रव असा असतो. ती माणसाबरोबर त्याच्या प्रश्नालाही गाडून टाकते.

पुढली हकीकत तर चिठ्ठ्यांच्या पुरस्कर्त्यांना चक्रावून टाकणारी आहे. १९३१ मध्ये बापट तुरुंगातून सुटले. ज्याला काल काँग्रेसच्या मार्गाबाहेरचा ठरविले होते, त्यालाच महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले. म्हणजे प्रवाहाबाहेरचा माणूस एका वर्षात प्रवाहाच्या मधोमध आला. बापट बदलले होते म्हणावे, तर त्यांनी आपली मते कोठे मागे घेतली नव्हती. आणि लवकरच एका भाषणाबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. १९३३ मध्ये गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर उपोषण आरंभिले, तेव्हा हिंसक म्हणून हिणविल्या गेलेल्या या कैद्याने तुरुंगात त्यांच्या सहानुभूत्यर्थ उपवास केला. १९३७ मध्ये ते बाहेर आले. हैदराबाद संस्थानातील नागरी हक्कांसाठी झालेल्या निःशस्त्र प्रतिकारात ते उतरले. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला, तेव्हा त्याच्या महाराष्ट्र शाखेचे नेतृत्व त्यांनी केले आणि महायुद्धाच्या काळात पुन्हा तुरुंगाची वाट धरली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान याच वृद्ध बंदिवानाला मिळाला.

स्वातंत्र्यानंतर विश्रांती घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तो त्यांनी वापरला नाही. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते नानासाहेब गोरे यांच्यासमवेत गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात गेले. गोरे समाजवादी होते. बापट समाजवादी पक्षाचे नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईच्या कायदेमंडळावर निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी ते होते, आणि त्या चळवळीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे, हिंदुसभेचे आणि दलित चळवळीचे लोक एकत्र आले होते. १९६६ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, बेळगाव-कारवारच्या मराठी भाषकांसाठी त्यांनी उपोषण केले आणि त्याच वर्षी सीमाप्रश्नावर महाजन आयोगाची घोषणा झाली. त्या आयोगाचा निष्कर्ष महाराष्ट्राला समाधान देणारा ठरला नाही, हा भाग वेगळा. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापतींचे निधन झाले. दहा वर्षांनी केंद्र सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. परक्या सरकारने ज्याचा माग काढला आणि स्वकीयांच्या पक्षांनी ज्याला वेळोवेळी आत-बाहेर केले, तो अखेर पोस्टाच्या पाकिटावर मुख्य प्रवाहात दाखल झाला.

या चरित्रातून पक्ष नकोत, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. लोकशाहीत पक्षनाम ही आवश्यक सोय आहे. हजारो मैलांच्या देशात प्रत्येक उमेदवाराची मते स्वतंत्रपणे तपासणे मतदाराला शक्य नसते; पक्षाचे नाव त्याला एक आश्वासन देते आणि ते मोडले तर जाब विचारण्याचा पत्ताही देते. बापटांच्या आयुष्याची एक उणीव येथेच आहे. ते प्रत्येक लढ्यात गेले. परंतु कोणत्याही लढ्यामागे टिकून राहणारी संघटना त्यांनी उभी केली नाही. मुळशीच्या विस्थापितांना त्यानंतर दाद मागण्यासाठी ना पक्ष उरला, ना मंडळ. एकाकी सेनापती स्वतःचे शील निर्मळ ठेवू शकतो. फौज टिकविण्यासाठी मात्र नाव, नियम आणि निधी या तिन्ही गोष्टी लागतात. हे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. पक्षाचे नाव ही सोय आहे, की ते विचाराला दिलेली सुटी आहे?

मुख्य प्रवाह या शब्दाचीही अशीच तपासणी केली पाहिजे. प्रवाह म्हटला की तो निसर्गाने ठरविला आहे, असा भास होतो. मावळच्या माणसाला हा भास होऊ नये. येथील नद्यांचे पाणी पूर्वेकडे भीमेला आणि तेथून बंगालच्या उपसागराला मिळावे अशी निसर्गाची योजना होती. माणसाने भिंत घातली, बोगदे खोदले आणि त्यातले बरेच पाणी पश्चिमेला वळविले. प्रवाह कोठे वाहावा हे भिंत बांधणारा ठरवितो. राजकारणातही तसेच असते. १९२१ मध्ये शेतकऱ्याच्या संमतीशिवाय त्याची जमीन खासगी कंपनीसाठी घेऊ नये आणि ज्याचा संसार उठवावयाचा त्याला आधी दुसरीकडे बसवावे, ही मागणी प्रवाहाबाहेरची, प्रगतीला आडवी येणारी मानली गेली. पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने तर खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. त्या कायद्यातून पळवाटा शोधल्या गेल्या आणि अंमलबजावणीत हयगय झाली, हे खरे. परंतु तत्त्व म्हणून ती मागणी आज कोणताही पक्ष उघडपणे नाकारू शकत नाही. बाहेरचे आत यावयास नव्वद वर्षे लागली. त्या नव्वद वर्षांत ज्यांची खाचरे बुडाली, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

आणि कायदा झाल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. खुद्द मावळात पवना धरणासाठी जमिनी दिलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. त्याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना आली, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांना आपल्या पाण्याची धास्ती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नव्वद वर्षांपूर्वीचेच दृश्य बदललेल्या वेषात पुन्हा उभे राहिले. पाणी तेच, डोंगर तेच. वाढत्या शहराची गरजही खरी आणि शेतकऱ्याची धास्तीही खरी. त्या वेळी सत्तेत कोण आणि विरोधात कोण, यावर प्रत्येक पक्षाची भूमिका ठरली. त्यानंतर सत्तेच्या खुर्च्या बदलल्या, युत्या आणि आघाड्या उलटसुलट झाल्या, पक्षही फुटले. कालचे विरोधक उद्याचे मंत्री झाले. घराघरांतले दुःख मात्र कोणत्याच पक्षांतराने हलके झाले नाही.

म्हणून राजकीय चर्चेत नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, असे सुचवावेसे वाटते. ज्या प्रश्नावर बोलणे चालले आहे, त्याची किंमत कोण मोजणार आहे? बोलणारा स्वतः काही मोजावयास तयार आहे काय? आणि त्याचा पक्ष उद्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, तर त्याचे मत हेच राहील काय? या तीन प्रश्नांपुढे मुळशीच्या काळातील अनेक थोर नावे फिकी पडतात, आणि पहाटे रस्ता झाडणारा, प्रसंगी गंभीर चुका करणारा, कोणत्याही चौकटीत न बसणारा एक पारनेरकर ताठ उभा राहतो. शिक्षकांनी वर्गात त्याचे चरित्र शिकविताना त्याच्या पक्षांची यादी पाठ करून घेण्याऐवजी हे तीन प्रश्न मुलांपुढे ठेवले, तर नागरिकशास्त्राचा तास अधिक सार्थकी लागेल.

उन्हाळ्यात मुळशीचे पाणी खाली गेले, की जुन्या वस्त्यांच्या काही खुणा उघड्या पडतात. त्या दगडांकडे पाहून तेथे राहणारी माणसे फेरवादी होती की नाफेरवादी, हे कोणालाही सांगता येणार नाही. तेथे माणसे राहत होती आणि त्यांना विचारले गेले नव्हते, एवढेच ते दगड सांगतात.